नरकासुर रोह्याला गेला

हमरापुरात नूतन मोकलला कुणी कलाकार म्हणत नाही, आणि तिलाही त्याचं वाईट वाटत नाही. गणपती घडवतात ते महिपतीकाका. रंगवतात गावच्या निम्म्या पोरीबाळी. डोळ्यांची आखणी करायला पुन्हा महिपतीकाकाच. नूतनच्या वाट्याला येतो तो तयार गणपती आणि एक रिकामा खोका. तो गणपती त्या खोक्यात असा बसवायचा, की नाशकाला जावो नाहीतर समुद्रापार मॉरिशसला, उघडल्यावर त्याच्या बोटाचं टोकसुद्धा जागच्या जागी असलं पाहिजे. मूर्ती चांगली निघाली तर लोक काकांना फोन करून नमस्कार सांगतात. फुटून निघाली तर फोन नूतनला येतो. लग्न झाल्यापासून ती हेच काम करते आहे. तिची जीभ थोडी तिखट झाली असेल तर तिला दोष देण्यात अर्थ नाही.

तिचं माहेर गागोदे बुद्रुकचं, भातशेतीचं. झोडणीच्या दिवसांत पेंढ्याच्या उडव्यांवर उड्या मारत ती वाढली. हमरापूरला सून म्हणून आली तेव्हा नवरा प्रविण धरमतरच्या जेट्टीवर कामाला होता आणि बाकी घरदार गणपतीच्या धंद्यात. महिपतीकाका तिचे चुलत सासरे, कारखाना त्यांचा. त्यांनी तिला आधी रंगकामाला बसवून पाहिलं. तिने पहिल्याच दिवशी उंदराला असा रंग थापला की काका चष्मा वर करून म्हणाले, "गो नूतन, ह्यो उंदीर हाय की घूस?" दुसऱ्या दिवसापासून ती मागच्या पडवीत पेंढ्यात. तिथे मात्र तिचा हात बसला. पेंढा कसा पिळायचा, कुठे दाबायचा आणि कुठे मोकळा सोडायचा हे तिला सांगावं लागलं नाही. हळूहळू पडवी तिची झाली, हाताखाली बचत गटाच्या बाया आल्या, आणि काकासुद्धा आत येताना खोकून येऊ लागले.

पण पेंढ्याचे दिवस भरत आले होते. परदेशातली बंदरं पेंढा आत घेईनात, त्यातून कीड येते म्हणे. थर्माकोल गिऱ्हाइकांना नको. मागच्या हंगामात काकांनी मॉरिशसचा माल प्लास्टिकच्या फुग्यांच्या कागदात गुंडाळून पाठवला आणि त्यातल्या निम्म्या मूर्ती मोडून पोचल्या. तिथल्या व्यापाऱ्याने नूतनला व्हिडिओ पाठवला. कान एकीकडे, हात एकीकडे, आणि मधे शांत डोळ्यांनी बघणारा गणपती. ती तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघू शकली नाही. व्यापारी म्हणाला, पुढच्या वर्षीही हेच होणार असेल तर मी चीनमधून रेझिनचे गणपती मागवतो, ते आपटले तरी फुटत नाहीत. मॉरिशसचा माल गेला म्हणजे पडवीतल्या बायांचं काम गेलं. देशातला माल भरायला तेवढे हात लागत नाहीत.

आणि गंमत अशी, की त्यावरचा उपायसुद्धा चीनमधूनच आला.

हरेश ठाकूर मूळचा पेणचा, पण त्याची कंपनी रोह्याला, धाटावच्या एमआयडीसीत. एका चिनी कंपनीशी त्याची भागीदारी होती. भाताचा पेंढा शिजवून त्याचा लगदा करायचा, तो तापलेल्या साच्यात दाबायचा, आणि अंड्यांचे ट्रे नाहीतर मोबाइलच्या खोक्यातली बैठक बनवायची, असा तो धंदा. ही भागीदारी म्हणजे सुरुवातीपासून एक तमाशा होता. यंत्र जहाजातून आलं, पण ते बसवणारी माणसं व्हिसासाठी तिकडेच अडकली. मग हरेशने फोनच्या कॅमेऱ्यात त्यांना दाखवत दाखवत यंत्र उभं केलं आणि एक पंप उलटा लावला. लगदा साच्यात जायच्या ऐवजी छताला गेला. हरेशला विचारलं की तयार आहे का, तर तो म्हणायचा, होऊन जाईल. चिनी मंडळींना वाटायचं झालं. त्यांनी म्हणायचं, आम्ही विचार करतो. हरेशला वाटायचं, मान्य झालं. दसऱ्याला त्याने यंत्राची पूजा केली आणि झेंडूचा हार नेमका सेन्सरवर घातला, तेव्हा आणखी एक सकाळ गेली.

तरीही कंपनी चालत होती. हरेशच्या डोक्यात आलं, की अंड्याला जे जमतं ते गणपतीला का नको? चिनी मुख्य कचेरीने ऐकून घेतलं आणि कळवलं, की मूर्तीसाठी वेगळं यंत्र रोह्याला पाठवू, पण आधी चाचणी पास झाली पाहिजे. त्यासाठी एवढ्या दिवसांनी व्हिसा मिळून एक इंजिनियर आली. तिचं नाव फांग मिन. केस आखूड, चष्मा जाड, आणि हातात कायम गरम पाण्याचा थर्मास. ऑफिसातल्या माणसाने प्रेमाने त्यात एकदा चहा भरून दिला, तेव्हा ती तो निमूटपणे प्यायली आणि दुसऱ्या दिवसापासून थर्मास उशाशी घेऊन झोपू लागली. तिच्या दिमतीला दुभाषी म्हणून रोह्याचीच प्रणिता होती. ही पोरगी मुंबईला जाऊन चिनी शिकली तेव्हा तिच्या आईने अख्ख्या आळीला सांगितलं होतं, की आता हिला कोण नोकरी देणार आणि कोण नवरा. नोकरी तरी मिळाली.

फांगने मूर्तीची मापं घेऊन लगद्याची दोन अर्धी कवचं केली. एकात मूर्तीची पाठ बसायची, दुसरं पुढून बंद व्हायचं. नूतनने ती हातात घेऊन फिरवून पाहिली, मूर्ती आत बसवली, हलवली. आतून काहीसुद्धा वाजलं नाही. पेंढा होता तो, तिच्या ओळखीचा, फक्त कपडे बदलून आलेला, आणि शिजून निघाल्यामुळे बंदरावर किडीचं नाव निघणार नव्हतं. बायांनी त्याच दिवशी त्याचं नाव करवंटी ठेवलं.

मग हरेश हमरापूरला आला आणि चाचणी म्हणजे काय ते त्याने समजावून सांगितलं. करवंटीत गणपती, करवंटी खोक्यात, आणि खोका यंत्रावर कमरेएवढा उंच ठेवून खाली सोडायचा. आधी कोपऱ्यावर, मग कडेवर, मग तळावर. महिपतीकाकांनी ब्रश पाण्यात ठेवला.

"म्हंजे बाप्पाला आपटाचा?"

"आपटायचा नाही काका, टेस्ट करायची."

"नाय."

"काका, आखणी नसलेला द्या. डोळे उघडले नाहीत तोवर माती आहे, तुम्हीच म्हणता ना?"

"मातीच हाय," काकांनी फळीवरचा कोरा गणपती उचलून त्याच्यापुढे धरला. "घे. आपट."

हरेश दोन पावलं मागे सरला. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पण हसून प्रश्न सुटत नव्हता. जाताना हरेश नूतनला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, त्या बाईला नाही म्हणू नका. नाही म्हटलं की ती तसं लिहून पाठवते आणि विषय संपतो. काहीतरी करा तुम्ही."

आता इथे चूक झाली, आणि ती आपल्याच माणसांच्या हातून होण्यासारखी होती. पाहुण्याच्या तोंडावर नाही म्हणणं आपल्याला जमत नाही. आपण मान डोलावतो, चहा पाजतो, आणि मागच्या दाराने आपल्याला हवं ते करतो. शिवाय त्यात देवाचा मान राखल्याचं समाधान असलं, की पाप केल्यासारखंही वाटत नाही. नूतनने शाडूचा एक गोळा गणपतीच्या वजनाइतका घेतला, गोणपाटात गुंडाळला, करवंटीत बसवला आणि खोका बंद केला. दुसऱ्या खोक्यात एक अख्खा गणपती ठेवला. दोन्ही टेम्पोत घालून ती वडखळ, नागोठणं करत रोह्याला पोचली. त्या रस्त्यावरून धड आलेल्या वस्तूला आणखी कसली चाचणी लागते, असं ड्रायव्हर म्हणाला, तेव्हा तिला हसू आलं.

खोका पडला, पुन्हा पडला, पुन्हा पडला. फांग प्रत्येक वेळी वाकून बघायची आणि टिपण करायची. शेवटी खोका उघडायची वेळ आली तेव्हा नूतन पुढे झाली. प्रणिताला म्हणाली, सांग बाईंना, हे आम्हीच उघडणार, अनवाणी, आतल्या खोलीत, उदबत्ती लावून. आमची रीत हाय. तोवर कॅमेरा बंद ठेवा.

फांगने एकही प्रश्न विचारला नाही. तिने कॅमेरा बंद केला, दाराबाहेर स्वतःचे बूट काढून ठेवले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. नूतनला वाटलं होतं वाद होईल, तिने उत्तरं तयार ठेवली होती. तिने आत जाऊन गोळा पिशवीत टाकला, आधीच तिथे नेऊन ठेवलेला अख्खा गणपती करवंटीत बसवला आणि हाक मारली. फांगने आत येऊन गणपती पाहिला. तिचा चेहरा इतका उजळला की नूतनने खाली बघितलं.

चाचणी पास झाली. हरेशने पेढे वाटले. मुख्य कचेरी एवढी खूश झाली की त्यांनी आकडेमोड करून नवं कवच करायला सांगितलं. एवढं आपटून कणभर चरा पडत नाही, म्हणजे करवंटी गरजेपेक्षा जाड आहे. पातळ करा, लगदा कमी लागेल, माल स्वस्त पडेल.

ती पातळ करवंटी दिवाळीच्या आधी हमरापूरला आली. नूतनने ती नुसती अंगठ्याने दाबली आणि अंगठा आत गेला. एका गणपतीला आपटण्यापासून वाचवायला गेलो आणि आता शेकड्याने गणपती या पापुद्र्यात घालून समुद्रावर पाठवायचे. मॉरिशसचा तो व्हिडिओ तिच्या डोळ्यांपुढून हलेना. ती करवंटी घेऊन काकांकडे गेली.

काकांनी पाहिली, टिचकी मारली, परत दिली. "बाप्पा बघंल."

"बाप्पाला पेटीत आपण भरतो, काका. तो आतून काय बघंल?"

काकांनी ब्रश पुन्हा रंगात बुडवला आणि मूर्तीकडे बघतच म्हणाले, "जा रोह्याला. मना नको विचारू."

ती एसटीने गेली. कंपनीत फांग आणि प्रणिता दोघी टेबलाशी बसल्या होत्या. नूतनने पातळ करवंटी समोर ठेवली आणि म्हणाली, "त्या खोक्यात गणपती नव्हता. मातीचा गोळा होता. सांग तिला."

प्रणिताने करवंटी बाजूला सारली. "काकू, हे मी नाही सांगणार."

"सांग गो. तुझा काम हाय ते."

प्रणिताने सांगितलं, हळू आवाजात, थांबत थांबत. फांगने एकच प्रश्न विचारला. कॅमेरा बंद करायला सांगितला, तेव्हाच ठरलं होतं का? नूतन म्हणाली, व्हय. फांगने थर्मासचं झाकण घट्ट लावलं, उठली आणि बाहेर जाऊन पेंढ्याच्या ढिगाशी उभी राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. नूतनला भांडता येतं, त्यात तिचा हात कुणी धरणार नाही. पण गप्प बसणाऱ्या माणसापुढे ती लहान पोर होते. तेवढ्यात हरेश धावत आला. "हे काय केलंत वहिनी? कुणाला कळलं नसतं. होऊन गेलं असतं."

"तुमचा होऊन गेला असता," नूतन म्हणाली, "आमचे गणपती फुटले असते."

दुसऱ्या दिवशी प्रणिताचा फोन आला. फांगने मुख्य कचेरीला कळवलं होतं, की चाचणी रद्द समजावी. कारण काय लिहिलं, तर इंजिनियरने स्वतः कॅमेरा बंद केला, खोका स्वतः उघडला नाही, चूक इंजिनियरची. नूतनचं नाव कुठेही नव्हतं. कचेरीने चांगलंच झापलं होतं तिला. व्हिसा संपायच्या आत खऱ्या वस्तूची चाचणी झाली नाही, तर मूर्तीचं यंत्र रोह्याऐवजी दुसऱ्या देशातल्या कारखान्याला जाईल.

नूतन पडवीत बसून रडली. बायांनी विचारलं तर म्हणाली, पेंढ्याचं कुसळ डोळ्यात गेलं. पडवीत त्या दिवशी पेंढा नव्हता, पण कुणी तसं बोललं नाही. मग डोळे पुसून तिने प्रणिताला उलटा फोन लावला. "दिवाळीत कंपनी बंद. ती रोह्याच्या लॉजवर एकटी काय करंल? घेऊन ये तिला घरी. तू पण ये."

फांग येईल असं तिलाही वाटलं नव्हतं. पण ती आली, थर्माससकट. आजवर तिने फक्त मूर्तीची मापं पाहिली होती, कारखाना पाहिला नव्हता. फळ्यांवर ओळीने बसलेले कोरे गणपती तिने चालत चालत बघितले. काकांच्या समोर ती खाली बसली, आणि ते एका मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होते ती श्वास रोखून पाहत राहिली. बुबुळ भरलं गेलं तेव्हा ती नकळत थोडी मागे सरकली. काकांनी ते बघितलं. त्यांना ते आवडलं, हे फक्त नूतनला कळलं.

मग फांगने कामाचं विचारलं. गणपती टाकायचा नसेल तर तेवढ्याच वजनाची, तसेच नाजूक हात आणि कान असलेली दुसरी एखादी मूर्ती करता येईल का? काका लगेच म्हणाले, "मग हिचीच करतो. ही तयार हाय का विचार." प्रणिताने विचारलं. फांग हसून म्हणाली, चालेल, मी इंजिनियर आहे, मला त्याचं काही नाही. काकांनी ओल्या शाडूचा गोळा घेतला आणि बोलता बोलता वीतभर बाई उभी केली. आखूड केस, चष्मा, एका हातात थर्मास. चेहऱ्यावर ती टिपण करताना येणारी आठीसुद्धा. बाया खदखदून हसल्या.

काकांनी ती बाहुली फांगच्या तळहातावर ठेवली. "घे. टाक खाली."

फांगने हात उचलला आणि तो तसाच राहिला. ती स्वतःच्या चेहऱ्याकडे बघत होती. हसू हळूहळू उतरलं. तिने बाहुली मांडीवर घेतली, दोन्ही हातांची ओंजळ तिच्याभोवती धरली आणि पुटपुटली. प्रणिता म्हणाली, "म्हणतायत, जिवंत माणसाची मूर्ती फोडायची नसते. आईला कळलं तर ती जेवणार नाही." थोडं थांबून फांग आणखी काहीतरी बोलली आणि नूतनकडे वळून दोनदा मान डोलावली. त्याचं मराठी प्रणिताने केलं नाही आणि कुणी मागितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. नूतनने पाहुणीला पहाटे उठवलं, तेल लावलं, उटणं लावून आंघोळ घातली. फांग बिचारी काकडत होती, पण गरम पाणी भरपूर असल्यामुळे तिची तक्रार नव्हती. आंघोळ झाल्यावर सगळे तुळशीपुढे जमले. अंगणात कारिटं मांडलेली होती, ती काकडीच्या जातीची छोटी कडूजहर फळं. प्रविणने डाव्या पायाच्या अंगठ्याने एक फोडलं, त्याचं बोटभर पाणी जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. काकांनी फोडलं. नूतनने फोडलं. मग फांगला पुढे केलं.

फांगने अंगठा कारिटावर ठेवला आणि थांबली. आदल्या दिवशीच्या अनुभवाने ती सावध झाली होती. तिने प्रणिताला विचारलं, हे कोण आहे?

"राक्षस," प्रणिता म्हणाली. "नरकासुर. लोकांना फार छळायचा, म्हणून देवाने मारला. आज सगळे त्याला चिरडतात."

"सगळे? कुणाला वाईट वाटत नाही?"

"वाईट कसलं, मजा येते."

फांगने अंगठा दाबला. कारीट फटकन फुटलं. तिने ते कडू पाणी चाखलं, डोळे मिटले, आणि ते उघडले तेव्हा ती नूतनकडे बघत होती. नूतनही तिच्याकडेच बघत होती. फांगने पायाखालच्या कारिटाकडे बोट दाखवलं. मग हात कमरेएवढा वर नेऊन काहीतरी खाली सोडल्यासारखं केलं. याला दुभाषी लागली नाही.

"काका," नूतन म्हणाली, "आपल्याला नरकासुर करायचा हाय."

महिपतीकाकांनी आयुष्यात देवाशिवाय काही घडवलं नव्हतं. म्हातारपणी राक्षस करायचा म्हटल्यावर त्यांना असा काही चेव आला की दिवाळीचा फराळ तसाच राहिला. गणपतीएवढंच पोट, तेवढेच चार हात, तशीच सुटी सुटी बोटं, सुपाएवढे कान, आणि सोंडेच्या जागी सोंडेएवढीच लांब लोंबती जीभ. एक नाही, चाचण्यांना पुरतील तेवढे केले. शाडू सावकाश सुकते, तिला घाई चालत नाही. फांग रोज येऊन मूर्तीला हात लावून बघायची आणि व्हिसाची तारीख आठवायची. सुकल्यावर आखणीची वेळ आली तेव्हा काकांनी ब्रश पुढे केलाच नाही. ज्या ब्रशाने बाप्पाचे डोळे उघडतात तो राक्षसाला लावायचा नाही म्हणाले. म्हणून नूतनने साधा ब्रश घेतला आणि आयुष्यातली पहिली आखणी केली. डोळे लालभडक, वटारलेले, जरा तिरपेच झाले. काका बघून म्हणाले, "घुशीवरून सुधारलीस."

नरकासुर रोह्याला गेला तेव्हा टेम्पोत पडवीतल्या सगळ्या बाया होत्या. या वेळी फांगने कॅमेरा नूतनच्या हातात दिला. शेवटपर्यंत बंद करायचा नाही, एवढंच म्हणाली.

पहिली पाळी पातळ करवंटीची. खोका पडला. उघडला तर जीभ तुटलेली, दोन हात वेगळे, कान खाली. बायांनी टाळ्या वाजवल्या. राक्षस फुटलेला बघून टाळ्या वाजवायची सवय कुठे जाते? कॅमेऱ्यामागून नूतन ओरडली, "टाळ्या कसल्या वाजवता? तिथं बाप्पा असता तर?" बायांनी हात खाली घेतले. फांगने तो तुटका ढीग आहे तसा चित्रित करून घेतला आणि मुख्य कचेरीला पाठवला. पातळ करवंटीचा विषय तिथेच मिटला.

मग जुनी जाड करवंटी. नूतनने एक एक अवयव तपासला. "कान हाय. जीभ हाय. पोट हाय. हात... नाय." वरचा एक हात मनगटात तडकला होता. म्हणजे खरी चाचणी झाली असती तर त्याच वेळी हे कळलं असतं. नूतनला ते लागलं, आणि फांगला ते दिसलं. तिने कागद ओढला, मनगटाखाली आधाराची एक बरगडी काढली आणि कागद नूतनपुढे सरकवला. नूतनने बोटाने आणखी एक जागा दाखवली, कोपराखालची. पेंढ्यात भरताना ती तिथे नेहमी जास्तीची चिमूट कोंबायची. फांगने तिथेही बरगडी काढली. साच्यात तेवढा बदल रोह्यातच करून घेतला. हरेश म्हणाला, होऊन जाईल, आणि या खेपेला फांग त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसली, तेव्हा ते खरोखर झालं.

तिसऱ्या पाळीला व्हिसा संपत आला होता. हा फुटला तर पुढचं सगळं राहणार होतं. यंत्र दुसरीकडे जाणार, मॉरिशसवाला रेझिनकडे जाणार, आणि पडवीला कुलूप लागणार. महिपतीकाका त्या दिवशी स्वतः आले होते, धुतलेलं धोतर नेसून. खोका कोपऱ्यावर पडला, कडेवर पडला, तळावर पडला. प्रत्येक आवाजाला बाया दचकत होत्या. नूतनचे दोन्ही हात कॅमेऱ्यात गुंतलेले, म्हणून तिने मनातल्या मनात हात जोडले आणि जन्मात पहिल्यांदा एका राक्षसासाठी देवाला साकडं घातलं. वाचव बाबा त्याला.

फांग खोक्याशी आली. तिने बूट काढले. प्रणिता म्हणाली, अहो, राक्षसासाठी नाही काढत. फांग म्हणाली, असू दे. तिने करवंटीचा वरचा भाग अलगद उचलला.

नरकासुर तिरप्या लाल डोळ्यांनी सगळ्यांकडे वटारून बघत होता. नूतन कॅमेरा हलू न देता जवळ गेली. "कान हाय. जीभ हाय." तिने कॅमेरा हातांवर नेला. "हात हाय. हात हाय. हात हाय. हात हाय."

टाळ्या वाजवाव्यात की नाहीत हे बायांना कळेना. महिपतीकाका पुढे झाले, त्यांनी नरकासुराला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि शांतपणे म्हणाले, "वाचला हरामखोर."

हे वाक्यसुद्धा कॅमेऱ्यात गेलं, कारण तो बंद करायचा नव्हता. मुख्य कचेरीने विचारलं, शेवटी ते ज्येष्ठ गृहस्थ काय म्हणाले? प्रणिताने भाषांतर करून कळवलं, की चाचणी समाधानकारक झाली.

यंत्र रोह्याला आलं. हरेशने त्याला नारळ फोडला, पण लांब, दाराबाहेर. गागोद्याच्या पेंढ्याची करवंटी होऊ लागली आणि जानेवारीच्या शेवटी मॉरिशसचा कंटेनर निघाला. नूतनने प्रत्येक खोका स्वतः बंद केला. त्याच सुमारास तिने आणखी एक छोटा खोका भरला. त्यात सुकून खणखणीत झालेली फांगची बाहुली होती, थर्माससकट. तिची आखणी काकांनी स्वतःच्या ब्रशाने केली होती. ती तिकडे चीनला गेली.

मार्चमध्ये कंटेनर पोचायचे दिवस आले तसं नूतनचं जेवणावरचं लक्ष उडालं. फोन कमरेला खोचून ती पडवीत फिरायची. बाया म्हणायच्या, बस गो घडीभर. एका दुपारी काकांचा फोन वाजला. मॉरिशसवाला होता. काका बराच वेळ हो, हो, आशीर्वाद आहे, असं बोलत राहिले. नूतन दारात ऐकत उभी होती. काकांना फोन आला, म्हणजे सगळं धड पोचलं. ती तिथेच उंबऱ्यावर बसली.

तेवढ्यात तिचा स्वतःचा फोन वाजला. लांबलचक परदेशी नंबर. इतक्या वर्षांच्या सवयीने तिला वाटलं, काहीतरी फुटलं. तिने घाबरत घाबरत फोन कानाला लावला.

"नूतन गो," पलीकडून अडखळत आवाज आला. मागे कुणीतरी म्हातारी बाई हसत होती. "कान हाय. हात हाय. थर्मास हाय."